रस्ता इथूनच का जातो?

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणारा रस्ता वाटेत बोरी अरब या गावापाशी अडाण नदी ओलांडतो. यवतमाळ ते दारव्हा हे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. नकाशावर ती एक लाल रेघ दिसते. अशा रेघांनी जोडलेली गावे आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो, पण रेघ इथूनच का गेली, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. त्याचे उत्तर शोधू लागलो की भूगोल, दगडमाती, कापसाचा व्यापार आणि सरकारी धोरण या सगळ्यांची गाठ पडते.

प्रथम जमीन पाहू. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीच्या पठारावर वसले आहे. या भागातली बेंबळा नदी वर्धेला मिळते, तर अडाण पैनगंगेला. पुढे दोन्हींचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते. दोन खोऱ्यांमधल्या उंचवट्याला आपण जलविभाजक म्हणतो. जुन्या वाटा शक्य तेथे या उंचवट्यावरूनच जात, कारण तेथे ओढेनाले आडवे येत नाहीत. दारव्ह्याला जायचे तर मात्र अडाणचे खोरे टाळता येत नाही. तेव्हा नदी ओलांडायची की नाही हा प्रश्नच उरत नाही. ती कोठे ओलांडायची, एवढेच ठरवायचे असते.

त्यासाठीचे निकष सोपे आहेत. पात्र सरळ व अरुंद हवे, काठ पक्के हवेत, खडक फार खोल नसावा आणि रस्ता पात्राला शक्यतो काटकोनात यावा. वळणावर नदी बाहेरचा काठ कोरते, म्हणून तेथे पूल बांधणे धोक्याचे. गाडीवानांना हे निकष पुस्तकातून कळले नव्हते. उतार कोठे मिळतो हे त्यांना अनुभवाने माहीत होते. पुढे अभियंते मोजणीची साधने घेऊन आले, तेव्हा अनेक ठिकाणी त्यांनी याच उतारांच्या आसपास पूल बांधले.

दुसरी गोष्ट मातीची. वऱ्हाडची काळी माती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. कापसाला ती मानवते, रस्त्याला नाही. पावसाळ्यात बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव तिच्यात खोल रुतत असे आणि चाकोरी पडत असे. उपाय मात्र याच जमिनीत होता. काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा काळा खडक असतो. खडकाची खडी फोडून पसरायची, मुरमाने तिच्या फटी भरायच्या, पाणी मारायचे आणि रूळ फिरवायचा. पक्का रस्ता म्हणजे प्रथम हेच. डांबर नंतर आले.

एवढा खर्च सरकारने कशासाठी केला? वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. यवतमाळचा कापूस मग पक्क्या रस्त्याने धामणगाव स्टेशनवर जाऊ लागला. या काळातल्या रस्त्यांची दिशा पाहिली तर असे दिसते की त्यांचे तोंड रेल्वेकडे आहे. एका खेड्यातून शेजारच्या खेड्यात जाण्यासाठी ते आखलेले नव्हते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यवतमाळ–दारव्हा–कारंजा–मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंदमापी रेल्वे झाली. लोक पुढे तिला ‘शकुंतला’ म्हणू लागले. तिचाही मुख्य हेतू कापूस हाच होता.

खडी फोडणारे हात कोणाचे, हेही इतिहासात यायला हवे. १८९९–१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातल्या असंख्य माणसांना दुष्काळी कामांवर जावे लागले, आणि त्या कामांत खडी फोडणे हे नेहमीचे काम होते. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने पुन्हा तेच पाहिले. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला.

मोटारी वाढल्या तसा जुना विचार अपुरा पडला. १९२७ साली मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीनुसार पेट्रोलवर जादा कर बसवून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी सुरू झाला. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले. त्यांनी केलेली आखणी ‘नागपूर योजना’ म्हणून ओळखली जाते. रस्त्यांचे राष्ट्रीय, प्रांतिक (म्हणजे आजचे राज्य मार्ग), जिल्हा आणि ग्राम असे वर्ग तिने पाडले. विकसित शेतीच्या भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा दूर नसावे, हेही उद्दिष्ट त्यात होते. रस्ता गाठीपर्यंत पोहोचतो की नाही, यापेक्षा तो माणसापर्यंत पोहोचतो की नाही, हा प्रश्न येथे प्रथमच हिशेबात आला.

हे वर्ग कागदावरचे वाटतात, पण त्यांचे परिणाम रोजच्या जगण्यावर होतात. आपल्या राज्यात राज्य मार्गांची देखभाल सार्वजनिक बांधकाम खाते करते, तर ग्रामीण मार्गांची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे असते. त्यामुळे मोठ्या रस्त्यावरच्या गावाला उंच पूल मिळतो आणि तीन-चार किलोमीटर आतल्या गावाला ठेंगणा रपटा. दोन्ही गावांवर पाऊस सारखाच पडतो. पण रपट्यावरून पाणी वाहू लागले की आतल्या गावची मुले त्या दिवशी शाळेत येत नाहीत, बाळंतिणीला दवाखान्यात नेता येत नाही. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाटीवरच्या ५०० किंवा अधिक वस्तीच्या गावांना बारमाही रस्ता देण्याचे ठरवले, तो याच उणिवेवरचा उपाय होता.

रस्त्याचा क्रमांक बदलतो, जिल्हा मार्गाचा राज्य मार्ग होतो, राज्य मार्गाचा राष्ट्रीय महामार्ग होतो. नदीचा उतार आणि काळी माती मात्र तेथेच असतात. म्हणून हा अभ्यास कोणत्याही शाळेला करता येईल. भारतीय सर्वेक्षण विभागाचा आपल्या भागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा. त्यावर समोच्चरेषा, नद्या, पूल आणि रस्ते वेगवेगळ्या रंगांनी गिरवावेत. गावातल्या वृद्धांना जुनी गाडीवाट विचारून तीही काढावी. मग हजेरीपट उघडून पाहावे: जुलै-ऑगस्टमध्ये कोणत्या वाडीची मुले सर्वांत जास्त दिवस गैरहजर असतात, आणि त्या वाडीच्या वाटेवर नकाशात काय दिसते? हे उत्तर विद्यार्थ्यांनी ग्रामसभेत मांडले, तर इतिहासाचा तास वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.