पाळीव प्राणी आणि इंटरनेटवरील सल्ला : पारख कशी करावी?

पेण किंवा रोह्यासारख्या गावी मध्यरात्री मांजर किंवा कुत्रे आजारी पडले, की परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालयापर्यंतचा पल्ला लांबचा वाटतो आणि हाताशी असलेला मोबाइल जवळचा. त्यावर मिळणारा प्रत्येक सल्ला चुकीचा नसतो. परंतु तो आपल्या प्राण्याला लागू पडेलच, असेही नाही. पुढील कसोट्या लावल्यास बराचसा धोका टळू शकतो.

सल्ला देणारा कोण?
भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसायासाठी मान्यताप्राप्त पदवी व नोंदणी आवश्यक आहे. राज्यातील नोंदणीचे काम महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद पाहते. सल्ल्याखाली डॉक्टरांचे नाव, पदवी व नोंदणी क्रमांक असल्यास खातरजमा करता येते. 'अनुभवी श्वानपालक' किंवा पिल्लांचा विक्रेता आहाराविषयी उपयुक्त माहिती देऊ शकेल. औषध सुचविण्याचा अधिकार त्याला नाही.

कोणत्या प्राण्यासाठी?
निरोगी कुत्र्या-मांजराचे तापमान साधारणतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाच्या मोजपट्टीने तो ताप ठरतो आणि घरातील पॅरासिटामॉलची गोळी पुढे येते. मांजराच्या यकृताला या औषधाचा निचरा नीट करता येत नाही. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात आणि एका गोळीनेही मांजर दगावू शकते. आयबुप्रोफेन कुत्र्यांच्या जठराला व मूत्रपिंडांना घातक ठरते. कुत्र्यांसाठीची पर्मेथ्रिनयुक्त गोचीडनाशके मांजरांना विषारी असतात. म्हणूनच प्राण्याची जात, वजन व वय न विचारता मात्रा सांगणारा सल्ला तत्काळ बाजूला ठेवावा.

कोणत्या देशातील, केव्हाचा?
ब्रिटनमध्ये कुत्र्यांतील रेबीज गेल्या शतकातच आटोक्यात आला. तेथील वाचकांसाठी कुत्र्याच्या चाव्याविषयी लिहिलेला मजकूर जखमेच्या निगेवरच थांबू शकतो. आपल्याकडे तेवढे पुरेसे नाही. भटके कुत्रे चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन माणसाने रुग्णालयात जावे आणि पाळीव प्राण्याला, पूर्वी लस दिलेली असली तरी, पशुवैद्यकांकडे न्यावे. कोकणात घोणस, फुरसे, नाग व मण्यार यांच्या दंशावर प्रतिविष हाच उपचार आहे. झाडपाल्यात वेळ घालविणे जिवावर बेतते. सल्ल्याची तारीखही पाहावी. विषबाधेत मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा जुना उपाय आता धोकादायक मानला जातो.

विक्रीचा हेतू आहे का?
सल्ल्याच्या शेवटी एकाच कंपनीचे पूरक खाद्य किंवा 'सर्व रोगांवरील' औषध सुचविले असेल, तर तो मजकूर जाहिरात समजावा. दुष्परिणामांचा उल्लेखच नसणे हीसुद्धा धोक्याची खूण होय.

वेळ दवडू नये
धाप लागणे, वारंवार झटके येणे, पोट फुगून कोरड्या उलट्या होणे, बोक्याची लघवी अडणे किंवा विषारी पदार्थ पोटात जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास इंटरनेटवर शोध न घेता थेट पशुवैद्यकांना दूरध्वनी करावा. प्राण्याचे वजन, वय, लसीकरणाची तारीख, लक्षणे सुरू झाल्याची वेळ आणि खाल्लेल्या पदार्थाचे वेष्टन जवळ ठेवावे. आपण स्वतः काही औषध दिले असल्यास तेही लपवू नये. उपचारांची दिशा त्यावरच ठरते.

एकंदरीत, लक्षणे ओळखण्यासाठी इंटरनेटचा आधार घेण्यास हरकत नाही. औषध आणि त्याची मात्रा मात्र प्राण्याला तपासणाऱ्या पशुवैद्यकांनीच ठरवावी.