सबब : एका दोराची कुळकथा

नांदेडच्या तहसीलबाहेर बसणारा अर्जनवीस गाऱ्हाणं लिहून संपवतो, नवी ओळ घेतो आणि न विचारता टाइप करतो, ‘सबब, विनंती की…’ तिथं ‘म्हणून’ लिहा म्हटलं, तर त्याला तो अर्जच वाटत नाही.

सबब मूळची अरबी, आणि तिचा जुना अर्थ दोर. ज्याला धरून खाली उतरता येतं, वर चढता येतं, तो. पुढं ज्याच्या आधारानं कुठंतरी पोचता येतं ते साधन, आणि मग कारण. अरबी छंदशास्त्रानं तर कवितेच्या ओळीलाच तंबू केलं : दोन अक्षरांचा तुकडा सबब, म्हणजे दोर; तीन अक्षरांचा वतद, म्हणजे खुंटी. फारसीतून हा शब्द मराठीत आला आणि इथं त्याचे दोन संसार झाले. कचेरीत सबब म्हणजे बिनतोड ‘या कारणास्तव’. घरात मात्र ‘रोज नवी सबब सांगतो’ म्हटलं, की ते कारण खोटंच असणार! अर्ज वाचणाऱ्या साहेबाला दुसरा अर्थ आठवत नसेल, असं मला वाटत नाही.

नांदेड निजामाच्या राज्यात होतं, तरी सबब ही एकट्या निजामाची देणगी नव्हे. पेशव्यांच्या कागदांतही सबब आहे. त्याआधी शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला, पण त्याचा भर नावांवर : अधिकारी, हत्यारं, कापडं. वाक्याचे सांधे तसेच राहिले. मराठवाड्यात पुन्हा तेच. आधी फारसी, 1880च्या दशकापासून उर्दू, अशी इथली सरकारी भाषा होती. 17 सप्टेंबर 1948ला निजामी राजवट संपली, 1964चा राजभाषा अधिनियम आला. अव्वल तालुकदार गेले, जिल्हाधिकारी आले. सबब जागची हलली नाही.

‘अगर’ची गंमत याहून मोठी. फारसी-उर्दूत अगर म्हणजे ‘जर’. मराठी दस्तात म्हणजे ‘किंवा’. ‘वारसांनी अगर अन्य कोणी हरकत घेतल्यास’ हे वाक्य घरी दखनी बोलणारा नांदेडकर वाचतो, तेव्हा त्याला एकच शब्द दोन तऱ्हांनी ऐकावा लागतो. बहुतेकांना त्याची सवय असते. ‘शिवाय’ही असाच फिरला : अरबी ‘सिवा’ म्हणजे वगळून, आपण वगळण्यासाठी वापरतोच, वर भर घालायलाही वापरतो. ‘वगैरे’ म्हणजे ‘आणि त्याखेरीज’. त्यातला ‘व’ आपण सुटाही वापरतो. संस्कृत घराण्यातले ‘तथापि’, ‘परंतु’ सरळमार्गी आहेत. ‘पण’ तेवढा ‘पुनः’चा झिजलेला वंशज.

आणि ज्याला अर्जनवीस नको म्हणतो तो ‘म्हणून’? तो ‘म्हणणे’ या क्रियापदाचा. ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ म्हणजे, शब्दशः, ‘पाऊस आला’ असं म्हणून थांबलो. देगलूरच्या पलीकडं तेलुगूत ‘अनि’, उदगीरच्या पलीकडं कन्नडात ‘एंदु’ : दोन्हींचा मूळ अर्थ ‘असं म्हणून’च. बाजाराच्या दिवशी सीमेवर तिन्ही भाषांत कारणं अशी बोलूनच दिली जातात. खरेदीखताची वेळ आली, की तीच माणसं अर्जनविसासमोर बसतात आणि कागदावर उतरतं : ‘सबब हे खरेदीखत राजीखुशीने, अक्कलहुशारीने लिहून दिले असे.’