आधी काम, मग पदवी : संख्याशास्त्राच्या शिक्षणाची भारतातली वाटचाल

बारावीचा निकाल लागला की शिक्षकांकडे एक प्रश्न हमखास येतो : संख्याशास्त्र घेऊन पुढे काय होता येते? वैद्यक किंवा अभियांत्रिकीबद्दल असे कोणी विचारत नाही, कारण तिथे पदवीच्या नावातच व्यवसायाचे नाव असते. संख्याशास्त्राची ओळख मात्र बहुतेक मुलांना नववी-दहावीच्या 'सांख्यिकी' या प्रकरणापुरतीच असते. मध्य, मध्यक, बहुलक काढायचे आणि हुकमी गुण मिळवायचे. एवढ्या ओळखीवर आयुष्याची पाच वर्षे या विषयाला द्यावीत की नाही, हे विद्यार्थ्याने कसे ठरवावे? आम्हांला वाटते, याचे उत्तर नोकऱ्यांच्या यादीपेक्षा इतिहासात अधिक चांगले सापडते. कारण आपल्या देशात या विषयाची कामे आधी सुरू झाली आणि ती करायला माणसे हवीत म्हणून पदवी नंतर आली.

पुराचा प्रश्न

प्रशांतचंद्र महालनोबीस (1893-1972) हे मूळचे पदार्थविज्ञानाचे. 1915 मध्ये केंब्रिजहून परतताना त्यांनी 'बायोमेट्रिका' या संख्याशास्त्रीय नियतकालिकाचे अंक बरोबर आणले आणि बोटीवरच वाचायला घेतले. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत, पण मोजमापांचे प्रश्न त्यांच्याकडे येऊ लागले.

1926 साली ओरिसात मोठा पूर आला. ब्राह्मणी नदीचे पात्र गाळाने वर आले आहे, तेव्हा बांधांची उंची वाढवावी, असे अभियंत्यांचे मत होते. महालनोबीसांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि पात्र वर आल्याचा पुरावा नाही असे दाखवले. पुराचे कारण वरच्या भागातला जादा पाऊस हे होते. म्हणून उपाय बांध उंच करण्याचा नसून वरच्या बाजूला पाणी अडवण्याचा होता. यात पदार्थविज्ञानाचा नवा नियम नव्हता की अवघड गणितही नव्हते. साठ वर्षांचे आकडे एकत्र ठेवून त्यांना नेमका प्रश्न विचारणे, एवढेच होते. पण त्यावर लाखो लोकांची शेते आणि घरे अवलंबून होती.

अशा कामांतूनच कॉलेजच्या पदार्थविज्ञान विभागात एक छोटी संख्याशास्त्रीय प्रयोगशाळा उभी राहिली आणि 17 डिसेंबर 1931 रोजी भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना झाली. तिचा पहिल्या वर्षाचा खर्च अडीचशे रुपयांपेक्षाही कमी होता. 1933 पासून 'सांख्य' हे तिचे नियतकालिक निघू लागले. पुढे बंगालमधील तागाच्या लागवडीचा अंदाज नमुना पाहणीने, म्हणजे सगळी शेते न मोजता काही ठरावीक पद्धतीने निवडलेली शेतेच मोजून, काढण्याचे मोठे काम संस्थेने हाती घेतले. त्यासाठी गणित जाणणारी, पण शेताच्या बांधावर उभी राहायलाही तयार असलेली माणसे हवी होती. ती तयार मिळत नव्हती. 1941 साली कलकत्ता विद्यापीठात संख्याशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. देशातला तो पहिलाच.

वर्गातला एक प्रश्न

त्या पहिल्या तुकडीत सी. आर. राव (1920-2023) होते. आंध्र विद्यापीठातून गणितात एम.ए. होऊनही नोकरी मिळेना. महायुद्धाच्या दिवसांत एका मुलाखतीसाठी ते कलकत्त्याला गेले. तिथेही काम झाले नाही, पण भेटलेल्या एका तरुणाकडून त्यांना सांख्यिकी संस्थेची माहिती मिळाली आणि 1941 च्या सुरुवातीला ते तिथे दाखल झाले.

1943 मध्ये एम.ए. झाल्यावर राव त्याच विद्यापीठात शिकवू लागले. नमुन्यावरून काढलेला अंदाज जास्तीत जास्त किती अचूक असू शकतो, याबद्दलचा फिशर यांचा निष्कर्ष ते एकदा वर्गात सांगत होते. हा निष्कर्ष नमुना फार मोठा असेल तेव्हाचा होता. एका विद्यार्थ्याने विचारले, नमुना मर्यादित असेल तर हे सिद्ध करता येणार नाही का? राव घरी गेले, रात्रभर बसले आणि दुसऱ्या दिवशी सिद्धता तयार होती. 1945 मध्ये ती प्रसिद्ध झाली. स्वीडनचे क्रामेर यांनीही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढल्याने ती आज 'क्रामेर-राव असमानता' म्हणून ओळखली जाते. उष्णता इंजिनाची कार्यक्षमता एका मर्यादेपुढे जाऊ शकत नाही, हे आपण शिकवतो. उपलब्ध माहितीतून निघणाऱ्या अचूकतेलाही तशीच मर्यादा असते, असे ही असमानता सांगते. 2023 मध्ये रावांना आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र पुरस्कार मिळाला, तेव्हा ते 102 वर्षांचे होते.

प्रश्न विचारणारा विद्यार्थी म्हणजे वि. म. दांडेकर. पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांनी आयुष्यभर काम केले. 1971 साली नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास मांडला, त्याचा पाया 1950 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे हा होता. एकाच वर्गातून एक वाट शुद्ध गणिती सिद्धांताकडे गेली आणि दुसरी गरिबाच्या ताटातल्या उष्मांकांच्या हिशेबाकडे.

काठावरची रोपे

तिसरी वाट शेतीची. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे (1911-1997) फर्ग्युसन कॉलेजात शिकून लंडनला गेले आणि 1936 मध्ये पीएच.डी. झाले. परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत त्यांच्याकडे पिकांच्या अंदाजाचे काम आले. एकरी उत्पन्न काढण्यासाठी शेतात एक लहान तुकडा आखून तेवढेच पीक कापून तोलतात. हा तुकडा किती मोठा असावा? फार लहान तुकड्यांमुळे उत्पन्न फुगवून दाखवले जाते, असे सुखात्म्यांनी 1946 मध्ये 'नेचर'मध्ये मांडले. मोजणारे प्रशिक्षित आणि काळजी घेणारे असतील तर लहान वर्तुळेही चालतात, असा महालनोबीसांचा पक्ष होता. हा वाद बराच गाजला.

याचे मर्म दहावीच्या गणिताने समजते. समजा, आखलेल्या वर्तुळाची त्रिज्या 24 इंच आहे आणि कापणारा माणूस काठावरची रोपे आत धरत असल्यामुळे प्रत्यक्षात 25 इंच त्रिज्येतले पीक कापले जाते. 25 चा वर्ग 625, 24 चा वर्ग 576. म्हणजे उत्पन्न साडेआठ टक्क्यांनी फुगले. हीच एका इंचाची चूक 240 इंच त्रिज्येच्या वर्तुळात झाली, तर फुगवटा एक टक्क्याहूनही कमी. शिवाय ही चूक कधी कमी, कधी जास्त अशी नसते. ती नेहमी एकाच बाजूला झुकते. त्यामुळे हजार शेते मोजली तरी सरासरीत ती नाहीशी होत नाही. 1943 च्या बंगालच्या दुष्काळानंतरच्या काळात देशात धान्य किती आहे, हा विद्वत्तेचा नव्हे, जगण्याचा प्रश्न होता.

महाराष्ट्रात आणि आज

1953 साली पुणे विद्यापीठात गणित आणि संख्याशास्त्र यांचा विभाग सुरू झाला. त्याची धुरा कोल्हापूरचे आणि केंब्रिजला जेफ्रीज यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेले व. शं. हुजुरबाजार यांनी सांभाळली. 1959 च्या कायद्याने भारतीय सांख्यिकी संस्थेलाही पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. 1960 पासून तिथे बी.स्टॅट. आणि एम.स्टॅट. सुरू झाले. 1961 मध्ये भारतीय सांख्यिकी सेवा स्थापन झाली. तिची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो.

आजच्या वाटा यांच्याच फांद्या आहेत. नवे औषध खरोखर गुणकारी आहे का, विम्याचा हप्ता किती असावा, कारखान्यातला माल एकसारखा निघतो का, संगणकाने केलेले भाकीत कितपत भरवशाचे, हे सगळे प्रश्न नमुना आणि चूक यांचेच आहेत. महाविद्यालयात बी.एस्सी. करून किंवा सांख्यिकी संस्थेची प्रवेश परीक्षा देऊन या वाटेला लागता येते. गणिताची आवड मात्र हवीच. तेवढीच, आकडा कोठून आला हे विचारण्याची सवयही हवी.

ही सवय शाळेत लावता येईल. मैदानावर खडे पसरून दोरीने एक लहान आणि एक मोठे वर्तुळ आखावे. मुलांच्या गटांनी आतले खडे मोजून दर चौरस मीटरला किती ते काढावे. काठावरच्या खड्यांवरून वाद होईल. तो होऊ द्यावा. जनगणनेची कागदपत्रे घेऊन घरोघर फिरलेल्या शिक्षकांना हा वाद ओळखीचा वाटेल : कुलूपबंद घर मोजायचे का? कामासाठी परगावी गेलेला मुलगा कोठे धरायचा? आणि ज्या मुलीला किंवा मुलाला हा वाद खड्यांच्या संख्येपेक्षा अधिक रंजक वाटेल, त्यांना संख्याशास्त्र घेऊन पुढे काय होता येते, हे सांगायची वेळ आली असे समजावे.