दिव्याच्या ज्योतीवरचे मणी

१२९१ साली व्हेनिसच्या राज्यकर्त्यांनी शहरातल्या काचभट्ट्या मुरानो बेटावर हलवायला लावल्या. दाटीवाटीच्या वस्तीत आगीची धास्ती होती. पुढे काचेचे एक काम मात्र शहरात, घरातल्या टेबलावरही होऊ लागले : ज्योतीवर मणी करण्याचे. काचेच्या तयार कांड्या मुरानोहून यायच्या. मग लागे तो फक्त तेलाचा किंवा चरबीचा दिवा आणि पायाने चालवायचा भाता. एकोणिसाव्या शतकापासून पुष्कळ स्त्रियांचे पोट या कामावर चाले. त्यांच्या हातचे हे मणी आफ्रिकेत सोने आणि हस्तिदंत विकत घ्यायला वापरले जात. व्हेनिसच्या मण्यांच्या मोबदल्यात तिथे माणसेही विकत घेतली गेली, हेही विसरता येत नाही.

भाता कशासाठी? साध्या ज्योतीत जाड कांडी मऊ होत नाही. ज्योतीत हवेचा झोत सोडला की ज्वलन पूर्ण होते, ज्योत निमुळती आणि प्रखर बनते. सोनाराची फुंकणी हेच करते.

मऊ काच तारेवर गुंडाळायची आणि तार सतत फिरवत राहायची; हात थांबला की मणी एका बाजूला ओघळतो. मग तार काढायची कशी? व्हेनिसमध्ये तांब्याची तार वापरून मणी नायट्रिक आम्लात टाकत. तांबे विरघळते, काचेला काही होत नाही. आजचे नवशिके पोलादी सळईला मातीसारखा लेप देतात आणि मणी अलगद सरकवून काढतात. हे शाळेला अधिक सोयीचे, कारण त्या आम्लातून विषारी तपकिरी वायू निघतो.

खरी परीक्षा मणी ज्योतीबाहेर आल्यावर असते. बाहेरचा थर आधी कडक होतो. आतला गरम भाग नंतर आकसू पाहतो, पण कडक थर त्याला आकसू देत नाही. हा ताण काचेत अडकून राहतो आणि मणी कधी लगेच, कधी काही दिवसांनी तडकतो. म्हणून जुने कारागीर मणी गरम राखेत पुरत. आज छोट्या विद्युतभट्टीत तो सुमारे ५०० अंश सेल्सिअसला काही काळ ठेवून हळूहळू थंड करतात. पण दोन काचांचे प्रसरण गुणांक वेगळे असले, तर ही काळजीही पुरत नाही. सोडा काच बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. त्यांची जोडी एका मण्यात नकोच.

हा ताण मुलांना दाखवता येतो. पोलरॉइडचे दोन तुकडे एकमेकांशी काटकोनात, अंधार होईल असे धरा आणि मधे पारदर्शक मणी ठेवा. जिथे ताण असेल तिथे उजळ पट्टे दिसतील.