उंच बॉनेटखालचं इंजिन

एमएच २८ पाटीची जुनी जीप बुलढाण्यात विकायला निघाली, की जाणतं गिऱ्हाईक आधी बॉनेट उघडतं. ते उंच का, याला इतिहास आहे. १९५३ साली विलीज कंपनीने सीजे-३बी ही जीप काढली ती नव्या हरिकेन इंजिनासाठी. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. साहजिकच इंजिनाची उंची वाढली. महिंद्राने हाच साचा भारतात वर्षानुवर्षं चालवला.

मग पेट्रोल परवडेना. अनेक जीपमधून हरिकेन उतरलं, डिझेल चढलं. बॉनेट मात्र तेच, फसवं!

खरी साक्ष हरिकेनच्या ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, पाण्याच्या पंपामागे. ग्रीस खरवडून तिथला ठोकलेला नंबर आरसी बुकाशी ताडायचा. आकड्यांभोवती घासल्याच्या ताज्या खुणा दिसल्या, तर जुळलेल्या नंबरावरही विसंबू नये.