रिक्त मूल्ये (क्रीडा-विदेतील)

खेळाची आकडेवारी एपीआयमार्फत एका प्रणालीकडून दुसरीकडे जाताना काही रकाने मोकळे येतात. रकानाच नसणे, रकान्यात ‘नल’ (मूल्य नाही अशी खूण) असणे आणि शून्य असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तो फरक जपणे हेच पडताळणीचे खरे काम.

उदाहरणार्थ, डिसेंबर १९४८मध्ये पुण्यात रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२च्या तेव्हाच्या प्रथमश्रेणी विक्रमाची बरोबरी करायला ९ धावा हव्या होत्या. महाराष्ट्र ४ बाद ८२६वर असताना काठेवाडने सामनाच सोडून दिला. या नोंदीत निंबाळकरांना ‘बाद करणारा गोलंदाज’ हा रकाना रिक्तच हवा. तो सक्तीचा ठरवला, तर भारतीय प्रथमश्रेणीतली ही सर्वोच्च खेळी सदोष म्हणून नाकारली जाईल. म्हणून नियम सशर्त हवा: फलंदाज बाद असेल तरच बाद होण्याचा तपशील आवश्यक. काठेवाडचा दुसरा डावही रिक्त. तिथे ‘० बाद ०’ भरणे म्हणजे न घडलेला खेळ नोंदवणे.

निंबाळकर कसोटी कधीच खेळले नाहीत. त्यांचे कसोटी सामने ०, हे खरे शून्य. कसोटी सरासरी मात्र ‘नल’, कारण शून्याने भागता येत नाही. जुन्या अनेक धावफलकांत चेंडूंची संख्या नाही. तिथे स्ट्राइक रेट अंदाजाने भरू नये. चालू सामन्यात ‘विजेता’ रिक्त चालतो, सामना संपल्यावर मात्र अनिर्णित, बरोबरी किंवा रद्द अशी स्थिती सोबत तपासावी लागते.