रद्दबातल ठरवणे

एखादा आदेश, करार, परवानगी किंवा दस्त यांचा कायदेशीर अंमल संपवणे. ‘रद्द’ आणि ‘बातल’ हे दोन्ही शब्द मूळ अरबी असून फारसीच्या वाटेने मराठी दप्तरात आले.

क्रियापद कोणते वापरायचे, हे कृती कोण करतो यावर ठरते. विधिमंडळ कायदा ‘निरसित’ करते: 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा महाराष्ट्रात 2007 मध्ये निरसित झाला. निरसनाने जुने सारे पुसले जात नाही. निरसनापूर्वी निर्माण झालेले हक्क व दायित्वे, वेगळा हेतू दिसत नसेल तर, 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम 6 मुळे टिकतात. हा भाग वारंवार दुर्लक्षिला जातो.

न्यायालय शासकीय निर्णय ‘रद्दबातल’ ठरवते. उदाहरणार्थ, नवी मुंबईतील सीवूड्स येथे एनआरआय संकुलालगतच्या पाणथळीवर गोल्फ मैदान व निवासी बांधकाम योजले होते. रहिवासी व पर्यावरणप्रेमी न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्या योजनेला दिलेली मंजुरी रद्दबातल ठरवली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

खासगी व्यवहारात ‘रद्द करणे’ पुरते. मुखत्यारपत्र रद्द केल्याचे मुखत्याराला कळवावे लागते. मुखत्याराचे स्वतःचे हित त्या मालमत्तेत गुंतले असेल, तर करार कायद्याचे कलम 202 आड येते. फसवणुकीने झालेला दस्त रद्द करण्यासाठी 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 31 खाली दिवाणी दावा लावता येतो.